भरलेलं वजन

सिगारच्या पेटीत एक छोटा आर्द्रतामापक बसवलेला असतो आणि पेटी घेणाऱ्याची नजर कायम त्या काट्यावर असते. काटा सत्तरवर आला की त्याच्या लेखी पेटी तयार. मी लातुरात या पेट्यांचे आतले ट्रे करतो आणि गिऱ्हाइकाला पहिल्याच भेटीत सांगतो, की काटा फक्त हवेचं बोलतो, आणि पेटीतल्या हवेत पाणी असून असणार तरी किती?

हिशेब सोपा आहे. वीस लिटरची पेटी, आतलं तापमान २१ अंश, आर्द्रता ७० टक्के. एवढ्या हवेत वाफ मावते पाव ग्रॅमच्या आसपास. आता त्याच पेटीतला चारशे ग्रॅमचा एक ट्रे घ्या. ऐन उन्हाळ्यात आमच्याकडे उघड्यावर ठेवलेल्या लाकडात पाणी उरतं पाच-सहा टक्के. सत्तर टक्क्यांच्या हवेशी त्याला जुळवून घ्यायचं, तर तेरा टक्क्यांपर्यंत चढावं लागतं. म्हणजे एकटा ट्रेच सव्वीस ते तीस ग्रॅम पाणी मागतो, सगळ्या पेटीतल्या हवेत असतं त्याच्या शंभरपटीहून जास्त. आत तीन ट्रे असतील तर तीनशेपटीहून जास्त. पेटीत वाटीभर पाणी ठेवलं की हवा लगेच ओली होते, काटा संध्याकाळपर्यंत सत्तरी गाठतो आणि मालक खूश होतो. लाकूड मात्र ते पाणी ओढत राहतं. वाटी काढली की सकाळी काटा पन्नासवर आलेला असतो. मग झाकणाला फट आहे का, रबर बदलायचं का, असे फोन सुरू होतात. पेटी चांगली असते. ट्रे तहानलेले असतात.

तंबाखूचं पानही लाकडासारखंच हवेतलं पाणी घेणारं आणि सोडणारं. सिगारला साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते. साठच्या खाली फार दिवस राहिली तर वरचं गुंडाळलेलं पान कडक होऊन तडकतं, सुगंध उडतो. पंचाहत्तरच्या वर गेली की बुरशी. तापमान पंचवीस अंशांच्या वर गेलं तर पानात आधीच असलेली तंबाखूच्या किड्याची अंडी फुटतात आणि सिगारला टाचणीएवढी भोकं पडतात. त्यामुळे मराठवाड्यात अशी पेटी पत्र्याच्या खोलीत किंवा पश्चिमेच्या भिंतीशी ठेवणाऱ्याला मी स्पष्ट सांगतो, की आधी जागा बदला, मग ट्रेचं बोलू. मी स्वतः तंबाखू घेत नाही. मला ओढ आहे ती लाकडाची.

या कामासाठी जगभर जे लाकूड वापरतात, त्याला व्यापारात स्पॅनिश सीडर म्हणतात. ते मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं झाड, हिमालयातल्या देवदाराशी त्याचं काही नातं नाही. ते आहे आपल्या कडुनिंबाच्या आणि महोगनीच्या कुळातलं. देवदाराच्या तेलाचा वास उग्र, तो सिगारमध्ये उतरतो, म्हणून देवदार आत चालत नाही. २०१९ च्या जिनिव्हा परिषदेत या अमेरिकी झाडाच्या सगळ्या जाती 'साइट्स' या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेल्या, त्यानंतर त्याच्या व्यापाराला कागदपत्रं वाढली. मला त्याची फारशी अडचण वाटत नाही, कारण आपल्याकडे त्याच कुळातलं तून आहे. वनस्पतिशास्त्राच्या जुन्या पुस्तकांत तूनही त्याच अमेरिकी झाडाच्या वंशात नोंदलेलं असे. फिकट तांबूस, हलकं, रंध्याखाली मऊ आणि कापताना मंद गोडसर वासाचं. इंग्रजी अमदानीत त्याचे चहाचे खोके आणि सिगारचे डबे होत असत. चांगलं तून नांदेडच्या वखारीत कधी मिळतं, कधी नाही. मिळालं की मी पैशाकडे न बघता उचलतो.

बाहेरच्या पेटीला मात्र मी माळवदाचं लाकूड वापरतो. आमच्याकडची जुनी घरं खणांची, लाकडी खांबांवर तुळया, त्यावर सर, वर फळ्या आणि पांढऱ्या मातीचा जाड थर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती कोसळल्या आणि हजारो माणसं त्याखाली गेली. अनेक घरांत लाकडी सांगाडा तेवढा उभा राहिला होता. पुढे गावोगाव माळवदं उतरली, स्लॅब पडले आणि तुळया जुन्या लाकडाच्या दुकानांत आल्या. साग, कडुनिंब, बाभूळ. साठ-सत्तर उन्हाळे-पावसाळे छपराखाली काढलेलं हे लाकूड हातात घेतलं की त्यातला ताण निवलेला कळतो. कडुनिंबाच्या तुळईला कीड सहसा शिवत नाही. पण त्याचा कडवट दर्प जुन्या लाकडातही कापल्यावर जागा होतो, म्हणून कडुनिंब मी आत येऊ देत नाही. आणि जुनं झालं म्हणून लाकूड थेट वापरू नये. जाड तुळई चिरली की तिच्या पोटातली आणि पाठीवरची ओल वेगवेगळी निघते. फळ्यांमध्ये पट्ट्या घालून थप्पी लावावी आणि सावलीत महिना-दोन महिने विसरून जावी.

ट्रे करताना मला सगळ्यात जास्त वेळ लागतो तो फळी निवडायला. खोडाच्या वलयांच्या रेषा फळीच्या टोकाला उभ्या दिसत असतील तर ती फळी रुंदीत कमी फुगते. आडव्या कमानी दिसत असतील तर जवळजवळ दुप्पट. वीतभर रुंदीची आडवी फळी मे महिन्याच्या कोरडेपणातून सत्तर टक्क्यांच्या पेटीत गेली की दोन-तीन मिलिमीटर वाढते. तळाची फळी चारी बाजूंनी फेव्हिकॉल लावून घट्ट बसवली असेल, तर ती वाढताना कोपऱ्यांचे सांधे उघडते. म्हणून माझ्या ट्रेचा तळ खाचेत मोकळा सरकतो, आणि तळाला पट्ट्या-पट्ट्यांमध्ये पेन्सिलच्या शिशाएवढी फट असते, हवा खाली-वर फिरायला. कोपऱ्यांना दाते कापून जोड. आत पॉलिश नाही, तेल नाही, लाखदाणा नाही. रंधा फिरवायचा, बारीक पॉलिशपेपर मारायचा, बस. पॉलिशनं लाकडाची तोंडं बंद होतात आणि मग ते साठवणीच्या कामाचं राहत नाही.

मग पाणी देण्याचं काम. नव्या ट्रेला ओल्या फडक्यानं पुसा, असं सर्रास सांगितलं जातं. त्याला माझा ठाम विरोध आहे. पुसलेली बाजू एका मिनिटात फुगते, पाठ कोरडीच राहते आणि सहा मिलिमीटरची फळी होडीसारखी वाकते. रंधलेले तंतू उभे राहतात ते वेगळंच. त्यातून आमचं पाणी बोअरचं, खोलवरून आलेलं. भांड्यावर पांढरा थर ठेवणारं पाणी लाकडावरही तेच ठेवतं.

मी मीठ वापरतो. खाण्याचं साधं मीठ काचेच्या वाटीत अर्ध्यापर्यंत घ्यायचं आणि त्यात बॅटरीचं पाणी, पेट्रोलपंपावर मिळतं ते, इतकंच घालायचं की ओल्या वाळूसारखा लगदा होईल. सगळं मीठ विरघळता कामा नये. हा लगदा बंद जागेत हवेला ७५ टक्क्यांवर धरून ठेवतो. हवा कोरडी असेल तर पाणी सोडतो, जास्त ओली असेल तर ओढून घेतो. निसर्गाचा हा नियम इतका पक्का आहे, की आर्द्रतामापक खरं बोलतो का तेही मी यावरच तपासतो. बाटलीच्या झाकणात ओलं मीठ घ्यायचं, मापकासोबत पारदर्शक पिशवीत बंद करायचं आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी पंचाहत्तर दाखवलं तर मापक खरा, एकाहत्तर दाखवलं तर तो चार कमी सांगतो हे लिहून ठेवायचं. ट्रेंसाठी मोठा झाकणबंद डबा, खाली मिठाची वाटी, वर जाळीवर ट्रे, एकमेकांना न चिकटणारे. मिठाचा लाकडाला किंवा पितळी बिजागरीला स्पर्श होऊ द्यायचा नाही. लगदा वाटीच्या कडेवरून हळूहळू वर सरकत येतो, म्हणून वाटी अर्धीच भरायची.

आणि रोज वजन. सोनारकामाचा छोटा डिजिटल काटा माझ्या बाकावर कायम असतो. पहिल्या दिवसांत ट्रे भराभर जड होतो, चार ग्रॅम, तीन ग्रॅम. मग वेग मंदावतो. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी एखादा ग्रॅम चढायला तीन दिवस लागतात. आकडा हलायचा थांबला की लाकूड पोटातून भरलं. वरवर ओला आणि आत कोरडा असलेला ट्रे आर्द्रतामापकाला सहज फसवतो, वजनाला फसवू शकत नाही. मी तळाला पेन्सिलनं दोन आकडे लिहितो, कोरडं वजन आणि भरलेलं वजन. हे दोन आकडे माझ्या सहीपेक्षा मोलाचे आहेत असं मला वाटतं.

लातूर आणि नांदेड शेजारी जिल्हे, पण लाकडाला ते वेगळे वाटतात. लातूर बालाघाटाच्या पठारावर, नांदेड गोदावरीकाठी सखल. रिकामे ट्रे मी दोन्हीकडे ठेवून पाहतो. नदीजवळच्या जुन्या घरातल्या तळमजल्यावर दिवाळीतही ट्रे जड राहतात. लातुरात दसऱ्यापासूनच उतरायला लागतात. नांदेड हे सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याचं शहर, तिथल्या शीख घरांत तंबाखू वर्ज्य, त्यामुळे तिथे माझे ट्रे रिकामेच जातात आणि रिकामेच येतात, आणि ते मला योग्यच वाटतं.

१२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली, तो उन्हाळा माणसांना जसा लक्षात आहे तसा सुतारांनाही आहे. दारं चौकटीत खुळखुळत होती, टेबलांचे सांधे बोलत होते. कूलरला घालायला पाणी नाही म्हणून खोल्याही कोरड्या. एरवी मे महिन्यात कूलरसमोरची खोली आणि शेजारची खोली यांच्यात फळीला चांगलाच फरक पडतो. कूलरच्या झोतात मापून कापलेला तळ रात्री खाचेत सैल होतो. त्यामुळे काम चालू असताना मी कूलर बंद ठेवतो.

खरं तर आमच्याकडे मिठाचं काम करणारा एक ऋतू आहे. पाऊस वेळेवर आला तर श्रावण-भाद्रपदात हवा आपणहून पंचाहत्तरच्या आसपास येते. उन्हाळ्यात सावलीत वाळवलेलं तून आषाढात कापायचं, ट्रे जोडून पोळ्यापर्यंत वारा खेळत्या खोलीत कापडाखाली ठेवायचे. या दिवसांत भरलेल्या ट्रेचं वजन पुढं फार कमी हलतं. भरण्याची घाई नसल्यामुळे फळीच्या दोन्ही बाजू सारख्या चढतात, जोडावर ताण येत नाही. झड लागून हवा नव्वदवर गेली तर मात्र ट्रे डब्यात, मिठाच्या वाटीवर. तेव्हा मीठ पाणी देत नाही, जास्तीचं काढून घेतं.

हल्ली काही जण निजामाच्या काळातले उर्दू दस्तऐवज, सनदा, मोडीतले कागद ठेवायला असेच ट्रे मागतात. त्यांना मी नाही म्हणतो. कागदाला पन्नासच्या आसपासची हवा पुरते, आणि कुठलंही लाकूड थोडं थोडं आम्ल सोडत राहतं, ते कागद पिवळा आणि ठिसूळ करतं. त्यासाठी आम्लमुक्त पुठ्ठ्याची पेटी घ्यावी.

पुण्या-हैदराबादकडून सिगारचे ट्रे मागणारे बहुतेक जण उन्हाळ्यातच फोन करतात, कारण त्यांच्या पेटीचा काटा तेव्हाच खाली येतो. त्यांना मी आधी जुना ट्रे काढून वजन करायला सांगतो. पेन्सिलचा आकडा असेल तर तो वाचून दाखवा म्हणतो. वीस ग्रॅम कमी भरला, तर नवा ट्रे घ्यायची गरज नसते. तोच तीन आठवडे मिठावर ठेवायचा. नवाच हवा असेल तर श्रावणापर्यंत थांबा, असं सांगतो, आणि बहुतेक जण थांबतात.