छायाचित्राखालचे नाव

या स्मरणिकेचे काम सुरू झाले तेव्हा शाळेच्या जुन्या छायाचित्रांची पेटी आमच्याकडे सोपविण्यात आली. इतिहास शिकविणाऱ्याच्या वाट्याला असे काम येतेच. त्याच आठवड्यात आपल्या वसतिगृहात वाढलेला एक माजी विद्यार्थी भेटावयास आला. त्याचे वडील शिरोली एमआयडीसीतील एका फाउंड्रीत फेटलिंगला आहेत. साच्यातून निघालेल्या कास्टिंगवरचा जादा धातू ग्राइंडरने घासून काढण्याचे हे काम. मुलाने हप्त्यावर कॅमेरा घेतला असून तो लग्नाचे फोटो काढतो.

‘जय भीम’ म्हणून तो बसला आणि थेट विषयावर आला. “सर, माझी स्टाईल कोणती तेच मला कळत नाही. कुणी म्हणतं प्री-वेडिंग कर, कुणी म्हणतं मुंबईला जाऊन फॅशनमध्ये शीर. तुम्ही सांगा.”

आम्ही आमच्या पिढीचे ठरलेले उत्तर दिले. “आधी स्पर्धा परीक्षा दे. कॅमेरा नंतर.” नोकरीने आमच्या घरांना उभे केले, म्हणून दुसरे काही आम्हाला सुचत नाही. त्याने मान खाली घातली आणि उगाच पेटीतील एक छायाचित्र हाती घेतले. स्नेहसंमेलनाचे होते. पाहुणे खुर्च्यांवर बसलेले, कडेला परात धरून स्वयंपाकाच्या मावशी उभ्या. मागे आमच्याच अक्षरात सर्व पाहुण्यांची नावे होती.

“सर, मावशींचं नाव काय?”

आम्हाला ते ठाऊक नव्हते. वर्षानुवर्षे त्यांच्या हातची भाकरी खाल्ली, पण नाव कधी विचारले नाही. आपल्याच हातकणंगले तालुक्यातील माणगावला 21 व 22 मार्च 1920 रोजी परिषद झाली. तेथे शाहू महाराज आणि बाबासाहेब काय बोलले ते आम्ही दरवर्षी वर्गात शिकवितो. मांडवात बसलेली साधी माणसे कोण होती, हे इतिहासाने टिपून ठेवले नाही, अशी तक्रारही करतो. आणि येथे तीच चूक आमच्या हातून झाली होती.

मग आम्हीच त्याला विचारले, “लग्नाशिवाय काही काढतोस का?” त्याने संकोचाने मोबाईल पुढे केला. कारखान्यात कॅमेऱ्याला परवानगी नाही, म्हणून पाळी सुटल्यावर गेटबाहेर आणि घरी काढलेले फोटो होते. चहाच्या गाड्यावरचे कामगार, काजळीने भरलेल्या नखांचे हात, नळाखाली मान धरलेले वडील. “हे आपलं घरचंच,” तो म्हणाला. छायाचित्रणातले आम्हाला फारसे कळत नाही. पण एकाही फोटोत माणूस बापुडवाणा दिसत नव्हता. ज्या शैलीच्या शोधात तो आमच्याकडे आला होता, ती आमच्या मते तेथेच होती.

त्याला आम्ही सुधारक ओलवे यांच्याविषयी सांगितले. वृत्तपत्रात छायाचित्रकार म्हणून काम करीत असतानाच त्यांनी मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांचे जीवन वर्षानुवर्षे कृष्णधवल छायाचित्रांत टिपले. ती बहुसंख्य माणसे आपल्याच समाजातली. पुढे 2016 साली त्यांना पद्मश्री मिळाली. अमेरिकेतील कृष्णवर्णीय छायाचित्रकार गॉर्डन पार्क्स यांचेही उदाहरण दिले. 1942 साली वॉशिंग्टनमध्ये त्यांनी सरकारी कचेरी झाडणाऱ्या एला वॉटसन यांना राष्ट्रध्वजासमोर झाडू घेऊन उभे केले. ते चित्र जगप्रसिद्ध झाले, पण पार्क्स तेवढ्यावर थांबले नाहीत. ते त्यांच्या घरी गेले, मुलाबाळांत बसले, त्यांच्या प्रार्थनास्थळी गेले. दोघांचीही ओळख एकाच माणसाकडे पुन्हा पुन्हा जाण्यातून घडली.

“मग लग्नाचं काम सोडू?” त्याने विचारले. मुळीच नाही. त्यावर कॅमेऱ्याचा हप्ता फिटतो, घरात किराणा येतो. ओलवे यांनीही चरितार्थ सांभाळूनच ते काम केले. लग्नसराईत मन लावून कमव, पण आठवड्यातला एक दिवस शिरोलीच्या गेटवर जा. मुंबईला जाण्याचा विचार वर्षभराने, हातात शंभर चांगली चित्रे असताना कर.

त्याची खरी अडचण मग बाहेर आली. वडील म्हणाले होते, “माझं काळं झालेलं तोंड लोकांना दाखवून तुला काय मिळणार?” या प्रश्नाला आमच्याजवळ तयार उत्तर नव्हते. ज्या माणसाने जन्मभर मान ताठ ठेवण्यासाठी घाम गाळला, त्याच्या परवानगीवाचून त्याचा चेहरा बाजारात नेणे हा अन्यायच. आम्ही एवढेच म्हणालो, “छापलेली प्रत आधी त्यांच्या हातात दे. ते नाही म्हणाले तर ती घरातच राहू दे. हो म्हणाले तर खाली नाव, काम आणि तारीख लिही. नाव नसलेले छायाचित्र इतिहासाला अर्धेच उपयोगी पडते.”

महिन्याभराने तो पुन्हा आला. वडिलांनी एक प्रत भिंतीवर, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली लावली होती. बाकीच्यांविषयी ते अजून काही बोललेले नाहीत आणि मुलगा थांबला आहे. येताना त्याने मावशींच्या गावी जाऊन त्यांचे पूर्ण नावही आणले होते.

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आमची विनंती आहे. आपल्या घरातील जुनी छायाचित्रे काढा आणि वडीलधारी माणसे आहेत तोवर त्यांच्याकडून मागे नावे लिहून घ्या. स्नेहसंमेलनाचे ते छायाचित्र याच अंकात आहे. यावेळी त्याखाली पहिले नाव मावशींचे आहे.

जय भीम.