तंग कसताना

माथेरानला दस्तुरी नाक्यापुढे खासगी मोटारींना बंदी. तिथल्या तांबड्या मातीत वाढलेल्या आम्हा मुलांना घोडा रोजचाच. शेजारचे घोडेवाले काका सकाळी घोडीवर खोगीर चढवत. पोटाखालून तंग, म्हणजे खोगिराचा पट्टा, ओढला की ती कान मागे पाडून मान वळवायची, दात दाखवायची. 'खोड आहे तिला,' लोक म्हणत. काका काही न बोलता तंग सैल सोडत, तिला चार पावलं चालवून आणत आणि मग हळूहळू कसत. तेव्हा ती शांत उभी राही.

कॉलेजात एनसीसीच्या घोडदळ पथकात गेलो आणि त्या चार पावलांचं मर्म कळलं. तंग एकदम आवळला की छाती जखडते. जठरात व्रण असतील, पाठ सोलवटली असेल किंवा खोगीर खांद्यात रुतत असेल, तर नुसता स्पर्शही सोसवत नाही. लगामाची कडी पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या हिरडीवर बसते. दाढांच्या कडा धारदार झाल्या असतील, तर लगाम दिसताच घोडा मान उंच करतो, जबडा घट्ट मिटतो. नाकपुड्या आक्रसतात, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो, शेपटी झटकली जाते.

घोडा मुळात शिकार होणारा प्राणी, दुखणं लपवणं त्याच्या रक्तातच. म्हणून या बारीक खुणांना मोल. ब्रिटिश पशुवैद्य स्यू डायसन यांनी स्वार पाठीवर असताना दिसणाऱ्या वेदनेच्या 24 खुणा नोंदवल्या. त्यातल्या 8 किंवा अधिक दिसल्या, तर हाडा-स्नायूंचं दुखणं असण्याची दाट शक्यता. कान पाडणं, शेपटी झटकणं त्या यादीतही आहे.

सारंगखेड्याच्या यात्रेत गिऱ्हाईक घोड्याचा रंग, भोवरे, चाल पारखतं. मी खोगीर चढवायला सांगतो आणि घोड्याच्या तोंडाकडे बघत राहतो. स्वार पाठीवर बसण्याआधी घोड्याला आपलं म्हणणं मांडायची तेवढीच संधी मिळते. त्या वेळी त्याला दटावणं हा अन्याय आहे.

माथेरानला किंवा महाबळेश्वरला घोड्यावर बसणार असाल, तर तंग कसताना जवळ उभे राहा. त्याने कान पाडले, मान वळवली, तर घोडेवाल्याला खोगिराखाली पाठ दाखवायला सांगा. जखम दिसली तर त्या दिवशी पायीच फिरा.