मांडे एकटीने होत नाहीत

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, पानात खूप काही असतं. आमरस, सार, भात, कुरडया, पापड, गिलक्याची भजी. तरी खानदेशात पाहुण्याचे डोळे आधी शोधतात ते खापरावरचे मांडे. बाकी सगळं एखादी बाई पहाटे उठून एकटी उरकू शकते. मांड्यांना मात्र तीन जणी लागतात: एक पाऱ्या लाटून पुरण भरणारी, एक हातावर मांडा वाढवणारी, एक चुलीतला जाळ सांभाळणारी. लग्न होऊन अक्कलकुव्यात आल्यापासून मी या तिन्ही जागांवर बसले आहे, आणि तिन्हींत जाळाची जागा मला सगळ्यात अवघड वाटते.

सुरुवात गव्हापासून होते. आमच्याकडे लोकवन घेतात. हे वाण शेजारच्या गुजरातेतलं, सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत तयार झालेलं. गहू धुऊन, ओलसर ठेवून दळायचा आणि पीठ पातळ कापडातून गाळायचं. हे गाळणं टाळता येत नाही. कोंड्याचा कण पिठाच्या तंतूंना मधेच कापतो, आणि मांडा हाताएवढा रुंद झाला की नेमका तिथेच फाटतो. मग पीठ सैल भिजवायचं, चिमूटभर मीठ घालायचं, तेल-पाण्याचा हात लावत तिंबत राहायचं आणि झाकून ठेवायचं. पाणी मुरलं की पीठ ताण घेऊ लागतं. घाई केली तर ते आखडतं. घरात पाहुणे आले असले, पोरं भुकेली असली, तरी ही विश्रांती मी कमी करत नाही.

पुरणाला किलोभर डाळीमागे तेवढाच गूळ, कुणी निम्मी साखर घेतं. डाळ शिजली की कट पूर्ण निथळू द्यायचा. ओलं पुरण पोळीला आतून भिजवतं आणि रवाळ पुरण तिला भोक पाडतं. म्हणून ते पाट्यावर वाटून गंधासारखं मऊ करायचं. निथळलेला कट साराला जातो. त्यात चुलीत भाजलेला कांदा, सुकं खोबरं, आलं, लसूण आणि नंदुरबारची मिरची. मिरची मी स्वतः निवडते, देठ ओढून, बी हलवून पाहून. सार जिभेला झोंबलं नाही तर गोडाचा कंटाळा लवकर येतो.

खापर म्हणजे चुलीवर पालथं घातलेलं मातीचं भांडं. त्याच्या फुगीर पाठीवर पातळ पोळी सगळीकडून टेकते, आणि माती उष्णता हळूहळू देत असल्याने भाजताना जळत नाही. दोन पाऱ्यांत पुरण भरून कडा दाबायच्या, थोडं लाटायचं आणि मग ते पालथ्या हातांवर घेऊन मनगटापासून कोपरापर्यंत खेळवत वाढवायचं. जाळ पऱ्हाट्यांचा किंवा तुरीच्या काड्यांचा, सारखा आणि बसका हवा. जाळावर बसणाऱ्या बाईने बोलणाऱ्यांकडे पाहायचं नाही, खापराच्या रंगाकडे पाहायचं. सासूबाई वाढवणारीला एवढंच म्हणत, "हात हलका ठेव माय." जाळावर बसलेलीला त्या काहीच सांगत नसत, नुसत्या बघत. ती गप्प नजर मला जास्त शिकवून गेली.

आखाजीला पहिला घास पितरांचा. घागर भरून पूजतात, चुलीतल्या निखाऱ्यांवर आगारी टाकतात, आणि बऱ्याच घरांत तोपर्यंत कुणी आंबा चाखत नाही. शेतावरच्या सालदाराचं वर्षही याच दिवशी संपतं आणि सुरू होतं. लेकी माहेरी येतात. आमच्यासारख्या घरांत भाऊबंदही येतात, कारण खानदेशची कितीतरी माणसं सुरतेला कापडाच्या कामावर गेली आणि तिथलीच झाली.

आंब्याची एक अडचण मात्र आमच्या तालुक्याची खास आहे. सातपुड्यातला गावठी आंबा आखाजीला बहुधा कच्चाच असतो. तेव्हा मोलगीकडच्या पाड्यांवर बायका कैऱ्या सोलून, चिरून, उन्हात वाळवून आमचूर करत असतात. रसासाठी आम्ही बाहेरून आलेला बदाम किंवा केशर घेतो. तो मला आवडतो, पण त्याच्या रसात आंबटपणा नसतो. म्हणून मी रसात साखर घालत नाही, ती वेगळी ठेवते. ज्याला हवी त्याने घ्यावी.

पानात काय कमी करावं हे मला होळीने शिकवलं. काठी गावी राजवाडी होळी असते, आणि सातपुड्यातले लोक डोंगर उतरून रात्रभर ढोलावर नाचतात. त्याआधीच्या भोंगऱ्या बाजारात गूळ, डाळ्या, खजूर, साखरेचे हार-कडे यांची खरेदी होते. इथल्या आदिवासी घरांच्या मेजवानीत ताटात चार गोड पदार्थ लागत नाहीत. भाकरी आणि उडदाच्या डाळीवर सगळा गाव जेवतो, आणि रांधायलाही सगळा गाव असतो. हे पाहिल्यापासून मी आमच्या पानातले पदार्थ कमी करत आले. दोन तऱ्हेची भजी, तीन चटण्या, वर बासुंदी हा हट्ट मी सोडला. चुलीजवळची माणसं मात्र कमी होऊ दिली नाहीत.

हल्ली मांडे करून देणाऱ्या बायका ऑर्डर घेतात. त्यांच्या हाताला दाद द्यावी आणि पैसेही पुरते द्यावेत, कारण ते कष्टाचं काम आहे. पण घरी जमलेल्यांनी पंगतीला बसायचं आणि चुलीशी रांधणारीने शेवटी गार मांडा खायचा, ही रीत मला मान्य नाही. आमच्याकडे आता पाळ्या आहेत. सुरतेहून आलेले पुतणे जाळावर बसतात, जावई कट गाळतात, आणि हातावर मांडे वाढवणारीचा पहिला गरम मांडा तिच्याच पानात पडतो, वर तूप ओतून. कुणी कुरकुर केली तर मी त्याला लाटण्यासमोर बसवते.

परतीच्या दिवशी घडी घातलेले मांडे सुती कापडात बांधून देतो. ते दुसऱ्या दिवशीही खाता येतात, दुधात बुडवून तर जास्तच छान लागतात. आमरस मात्र डब्यात देत नाही, प्रवासाच्या उन्हात तो टिकत नाही. ज्या भाचीच्या फ्लॅटमध्ये खापर ठेवायला जागा नाही, तिला मी लोखंडी कढई गॅसवर पालथी घालून सुरुवात करायला सांगितलं आहे. पोळी तेवढी मोठी होणार नाही, आणि आच बारीक ठेवावी लागेल.