ऑप्शनला टाकलेला धडा

जालना,
21 जुलै 2025

चि. छकुलीस,


तुझा सहा मिनिटांचा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. पहिल्यांदा नुसता राग कळला, दुसऱ्यांदा मजकूर कळला आणि तिसऱ्यांदा तू मध्येच नाक ओढलंस ते ऐकू आलं. मग ठरवलं, याला फोनवर उत्तर द्यायचं नाही. फोनवर मी तुझी बाजू घेऊन भांडत सुटले असते आणि स्वतःबद्दलची जी एक गोष्ट तुला सांगायची आहे ती राहून गेली असती.

झालं ते एवढंच ना? दहावीच्या वर्गात एका मुलीने विचारलं, माकडापासून माणूस झाला तर आताच्या माकडांची माणसं का होत नाहीत. तू पुस्तक मिटून अर्धा तास उत्तर दिलंस. संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, मॅडम सिलॅबसबाहेरचं आणि श्रद्धेविरुद्धचं शिकवतात. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या वरिष्ठांनी तुला केबिनमध्ये बसवून, चहा पाजून, 'कशाला नसता व्याप' म्हणून समजावलं. तो चहा मला जास्त लागला. ओरडले असते तर निदान तुला भांडता आलं असतं.

पंचाईत अशी, की 'सिलॅबसबाहेरचं' हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. तुमच्या एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकात 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' असा धडा होता, त्याचा आता 'आनुवंशिकता' एवढाच उरलाय. करोनानंतर 2022 मध्ये एनसीईआरटीने मुलांवरचा भार हलका करायचा म्हणून कात्री चालवली आणि 2023 ची पुस्तकं तशी छापून आली. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी पत्र लिहून निषेध केला. उत्तर मिळालं, बारावीच्या जीवशास्त्रात आहे की. आहे ना, पण बारावीला जीवशास्त्र घेणारी मुलं किती? दहावी ही शेवटची इयत्ता, जिथे पुढे कॉमर्सला, आर्ट्सला, आयटीआयला जाणारं पोरही विज्ञानाच्या तासाला बसतं. त्याच कात्रीत आवर्तसारणीही गेली आणि ती काही कुणाची श्रद्धा दुखावत नव्हती, म्हणून हे सगळं धर्मापायीच झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. मला त्यात परीक्षेच्या आदल्या रात्रीचं पोर दिसतं. जे अवघड, जे वादाचं, ते ऑप्शनला टाक.

आज तारीख बघितलीस? बरोबर शंभर वर्षांपूर्वी, 21 जुलै 1925 ला, अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या डेटन गावी जॉन स्कोप्स नावाच्या चोवीस वर्षांच्या मास्तरला शंभर डॉलर दंड झाला. माणूस खालच्या प्राण्यांपासून आला असं सरकारी शाळेत शिकवायचं नाही, असा बटलर कायदा त्याच वर्षी मार्चमध्ये झाला होता, तो मोडला म्हणून. हा खटला ठरला कुठे, तर गावातल्या औषधांच्या दुकानात, टेबलाभोवती. नागरी हक्कांच्या संघटनेला कायद्याला आव्हान द्यायला एक शिक्षक हवा होता आणि गावातल्या चार कर्त्या मंडळींना गावाचं नाव व्हायला हवं होतं. स्कोप्स मुळात फुटबॉलचा कोच, जीवशास्त्राचे तास त्याने बदलीवर घेतलेले. त्यालाच उभा केला. खटला रेडिओवरून ऐकवला गेला. एक दिवस तर कोर्ट बाहेर हिरवळीवर भरलं आणि तिथे स्कोप्सचा वकील क्लॅरन्स डॅरोने सरकारपक्षाच्या विल्यम जेनिंग्ज ब्रायनची बायबलवरून उलटतपासणी घेतली. निकालानंतर पाचच दिवसांनी ब्रायन त्याच गावात वारला.

ब्रायनला अडाणी ठरवून आपण मोकळे होतो, पण तो माणूस साधा नव्हता. तीन वेळा राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढलेला, गरिबांचा कैवार घेणारा. डार्विनच्या नावाखाली दांडग्याने जगावं, दुबळ्याने मरावं असं तत्त्वज्ञान पोरांच्या गळी उतरवलं जाईल अशी त्याला भीती होती. आणि स्कोप्सच्या हातातलं हंटरचं 'सिव्हिक बायॉलॉजी' खरोखरच माणसांच्या वंशांची उतरंड लावत होतं, 'निकृष्ट' घराण्यांची वाढ रोखा म्हणत होतं. म्हणून सांगते, तुझ्यावर चिडलेला पालक म्हणजे शत्रूच असं धरून चालू नकोस. त्याला नेमकं काय बोचलं ते आधी विचार.

वरच्या कोर्टाने 1927 मध्ये दंड तांत्रिक मुद्द्यावर रद्द केला, कायदा मात्र 1967 पर्यंत तसाच राहिला आणि पाठ्यपुस्तकवाल्यांनी उत्क्रांती हळूच बारीक करून टाकली. तरी त्यांच्याकडे निदान बोभाटा झाला. सगळ्या जगाने डार्विनचं नाव ऐकलं. आपल्याकडे चहा पाजतात.

नाही म्हणायला एकदा बोभाटा झाला, तोही इथून तासा-दीड तासावर. जानेवारी 2018, औरंगाबादचं वैदिक संमेलन. केंद्रात शिक्षण खात्याचे राज्यमंत्री असलेले सत्यपाल सिंह, एकेकाळचे मुंबईचे पोलीस आयुक्त, म्हणाले की डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा आहे, अभ्यासक्रमातून तो बदलला पाहिजे. माकडाचा माणूस होताना पाहिल्याचं आपल्या पूर्वजांनी कुठे लिहिलेलं नाही, सांगितलेलं नाही. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढलं, त्यांच्याच खात्याचे मंत्री प्रकाश जावडेकर यांनी अशी विधानं टाळा म्हणून सांगितलं, आणि विषय मिटला. (पोलिसातला माणूस, त्यामुळे प्रत्यक्षदर्शी साक्षीदार हवा असणं मी समजू शकते. पण ठसे, रक्ताचे नमुने, पंचनामा यांवर खटले उभे राहतात हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?)

आता माझी गोष्ट. तुला वाटतं मावशी म्हणजे धडाडीची बाई. ऐक तर. नोकरीत नवीन होते, तुझ्याच वयाची. अस्थिसंस्था शिकवताना फळ्यावर कण्याचं चित्र काढलं, खाली 'माकडहाड' लिहिलं. एका मुलीने विचारलं, "बाई, याला माकडहाड का म्हणतात?" बघ, भाषेनेच प्रश्न ताटात वाढून दिला होता. मी म्हटलं, पूर्वी आपल्याला शेपूट होतं. वर्ग हसला. चार दिवसांनी तिचे आजोबा शाळेत आले. पांढरं धोतर, गळ्यात तुळशीची माळ, पंचक्रोशीत कीर्तन करणारे. चिडलेले अजिबात नव्हते. व्हरांड्यात उभं राहून त्यांनी विचारलं, "बाई, मला एवढंच सांगा, माकड आपला आजा का चुलता?"

छकुले, इतका नेमका प्रश्न मला पुढच्या तीस वर्षांत कुणी विचारला नाही. चुलता! चुलत्याचा वंश आपल्या वंशात थोडाच बदलतो? तो त्याच्या वाटेने वाढतो. चिंपांझीची आणि आपली वाट साधारण साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी फुटली, दोघांचा आजा एक, आणि तो आजच्या चिंपांझीसारखाही नव्हता की आपल्यासारखाही. तुझ्या वर्गातल्या मुलीला हे एवढं पुरलं असतं. पण तेव्हा माझं मलाच ते धड समजलेलं नव्हतं. मी घाबरले आणि म्हणाले, "आजोबा, पुस्तकात आहे म्हणून शिकवायचं, परीक्षेत लिहायचं. मनावर घ्यायचं नाही." ते मान हलवून गेले. मुलगी दाराआड ऐकत होती.

त्या वाक्याची मला आजही लाज वाटते. श्रद्धेशी माझं भांडण झालंच नाही. ते गृहस्थ समजून घ्यायला आले होते आणि मी त्यांना सांगितलं की शाळेत शिकवतो ते खरं मानायचं नसतं. नंतर कितीतरी वर्षं मी त्या विषयापाशी आले की मोघम बोलून पुढे सटकायची.

सुटका झाली ती बोंडअळीमुळे. 2017 चा हिवाळा तुला आठवत नसेल, तू पुण्याला होतीस. वरून हिरवं, टपोरं दिसणारं बोंड फोडलं की आत गुलाबी अळी, सरकी खाल्लेली, कापसाची पिवळी-काळी कवडी. अळी मारणारं जनुक असलेला बीटी कापूस 2002 मध्ये आला तेव्हा अळी संपली म्हणून लोक निश्चिंत झाले होते. पुढे 2006 मध्ये दोन जनुकांचं बीटी आलं. आणि 2017 च्या त्या हंगामात त्यातही अळी धडधाकट जगली. लोकांनी उभ्या पऱ्हाटीत जनावरं सोडली, रोटाव्हेटर घातले. त्याच हिवाळ्यात औरंगाबादला ते भाषण झालं. आणि पुढच्या जूनमध्ये आमचं बालभारतीचं दहावीचं नवं पुस्तक आलं, विज्ञान भाग दोन, पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती'. पहिलाच! आता सटकायला जागा नव्हती.

मी वर्गाला विचारलं, बीटीतही अळी का जगली? मागच्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला, "आमचे आबा म्हणतेत, अळीला बीटीची सवय झाली." सगळ्यांनी माना डोलावल्या. गावभर हेच बोललं जायचं. दुसऱ्या दिवशी मी घरून ताट आणि ज्वारी नेली. शंभर दाणे, त्यातले दोन हळद लावून पिवळे केलेले. हे ताट म्हणजे शेत, पांढरे दाणे बीटीने मरणाऱ्या अळ्या, पिवळे न मरणाऱ्या. पांढऱ्यातले दहातले नऊ उचलायचे, पिवळ्यांना हात लावायचा नाही. उरतील त्यांची पिल्लं म्हणून त्याच रंगाचे दाणे टाकून ताट पुन्हा शंभराच्या आसपास भरायचं. तोच पोरगा दाणे उचलत होता. दुसऱ्या फेरीनंतर पिवळे जास्त झाले. तिसऱ्या फेरीला पांढरे उचलले तर दोन-चारच उरले. तो हातातल्या दाण्यांकडे बघत म्हणाला, "बाई, एकाबी दाण्याचा रंग नाही बदलला, तरी ताट पिवळं झालं."

मी ते वाक्य फळ्यावर लिहिलं आणि आठवडाभर पुसू दिलं नाही. सवय कुणालाच लागली नव्हती. ज्यांच्यात आधीपासून फरक होता त्या वाचल्या आणि त्यांचीच पिढी वाढली. मंत्र्यांना हवा होता तो प्रत्यक्षदर्शी पुरावा त्या वर्षी मराठवाड्यातल्या प्रत्येक कापूसवाल्या घरात पडून होता.

तुला यातून एक वाट काढून देते. तुमच्याकडे उत्क्रांती गेली तरी आनुवंशिकता आहे, मेंडेल आहे. बीटीच्या साडेचारशे ग्रॅमच्या पिशवीबरोबर तेव्हा बिगर-बीटीची एकशेवीस ग्रॅमची पुडी यायची, शेताच्या कडेने लावायला. का? तिथे साध्या अळ्या जगाव्यात, त्यांचा न मरणाऱ्या अळ्यांच्या पतंगांशी संकर व्हावा. प्रतिकाराचा गुण बहुतांशी अप्रभावी, म्हणून संकराची पिल्लं बीटी खाऊन मरावीत. हा सगळा मेंडेलचा चौकोन आहे, तुमच्या सिलॅबसमधला. बहुतेकांनी ती पुडी लावलीच नाही. तीन एकरांच्या धन्याला पाचवा हिस्सा अळीला सोड म्हणणं सोपं नाही, आणि त्या पुडीतल्या बियाण्यावर कुणाचा भरवसाही नव्हता. वर फरदड घेऊन मार्चपर्यंत उभी ठेवलेली पऱ्हाटी, म्हणजे अळीला बारमाही जेवण.

हे शिकवलंस तर कुणी बोट ठेवू शकणार नाही. पण शेवटी फळ्यावर 'उत्क्रांती' हा शब्द लिहायचाच. तो न लिहिता नुसता आशय चोरून आत नेलास, तर माझ्या त्या व्हरांड्यातल्या वाक्यात आणि तुझ्यात फारसा फरक राहणार नाही.

आणि कुणी पालक दशावतार काढेल: मत्स्य, कूर्म, वराह, म्हणजे आपल्याला आधीच माहीत होतं. जानेवारी 2019 मध्ये जालंधरच्या सायन्स काँग्रेसमध्ये एका कुलगुरूंनीही ते सांगितलं होतं. त्यावर चिडू नकोस, हसूही नकोस. विचार की परशुराम, राम आणि कृष्ण यांच्यात प्राण्यांच्या कोणत्या जाती आल्या. अवतार संकटाला धावून येतात, अळीला कुणी धावून आलं नव्हतं. मी स्वतः नाथषष्ठीला पैठणला जाते हे तुला माहीत आहे. तिथे मी ज्या गोष्टीसाठी जाते तिचा पुरावा मला लागत नाही आणि वर्गात जे शिकवते त्याचा लागतो. 'थिअरीच आहे ना' असं कुणी म्हणालं, तर आपल्या भाषेत तिला 'सिद्धांत' म्हणतात एवढं सांग. मराठी शब्द इथे इंग्रजीपेक्षा सरस पडलाय.

तुझे काका गुरुवारी शहरात येतायत. त्यांच्याबरोबर काड्यापेटी पाठवतेय, कापूस घालून बंद केली आहे. आत गेल्या वर्षीचं एक वाळलेलं बोंड आहे आणि कागदाच्या पुडीत दोन जोड-सरक्या. अळी थंडीत दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या पोकळीत झोपते. मी दोन्ही फोडून पाहिलेल्या नाहीत, ऊन दाखवून ठेवल्यात, म्हणजे आतलं काही जिवंत नसावं. तरी फोडल्यावर कचऱ्यात टाकू नकोस, जाळ. बोंड एकच आहे, वरून त्यात काहीच खोट दिसत नाही. तू फोडू नकोस, त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलीच्या हातात दे.

तुझी,
मावशी