मुक्काम पोस्ट

पत्ता लिहिताना आपण सहज 'मु. पो.' लिहून जातो. मुक्काम हा अरबीतून आलेला शब्द; थांबण्याची जागा एवढाच त्याचा अर्थ. मराठीत तो कायमच्या घराचा पत्ता झाला. आमच्या दादांच्या तोंडी मात्र तो शेवटपर्यंत जुन्या अर्थानेच राहिला. "आज का मुकाम राजूर," ते म्हणायचे, आणि बैलगाडी वळायची.

आम्ही शिकलगार. 'सैकल' म्हणजे हत्याराला झिलई देणे, त्यावरून हे नाव. तलवारी गेल्या, विळे, कोयते, अडकित्ते, कात्र्या उरल्या. दिवाळी झाली की दादा भोकरदनहून निघत. हसनाबाद, राजूर, टेंभुर्णी, जाफराबाद, माहोरा. गाडीत सहाणेचे चाक, पट्टा, गोणपाटाचे पाल, चार बांबू आणि दादीचा तवा. १९७५-७६च्या सुमारास मीही दोन फेऱ्या त्या गाडीत बसून केल्या.

पाल कुठे ठोकायचे याचे दादांचे शास्त्र होते. ओढ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे गावाचे पाणी आपल्यामुळे खराब व्हायला नको. कुणाच्या खळ्याजवळ नाही. शेतातून परतणाऱ्या बायकांना चाक दिसेल अशा वाटेवर, लिंबाखाली. पाल उभे राहिले की दादा आधी पोलीस पाटलाकडे जात. माणसे किती, दिवस किती ते सांगून येत. त्या चार दिवसांत गावात कोंबडी जरी हरवली तरी पहिली विचारणा आमच्या पालात. आणि त्याच गावातून निघताना दादीच्या पदरात सूपभर ज्वारी पडे. दोन्ही गोष्टी खऱ्या. दादा दोन्हींबद्दल फारसे बोलत नसत. मशीद नसलेल्या गावी ते गाडीच्या आडोशाला चादर अंथरून नमाज पढत.

या वाटा आमच्याही आधीच्या आहेत. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भरहूतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांत भोगवर्धनच्या लोकांचा उल्लेख कोरलेला आहे. इथल्या उत्खननात मिळालेली हस्तिदंती मूर्ती इटलीतल्या पॉम्पेईत सापडलेल्या मूर्तीशी जुळते. मुक्काम करत करतच कुणीतरी इथून समुद्राकडे गेले असेल. २३ सप्टेंबर १८०३ला याच परिसरात असईची लढाई झाली. त्या मोहिमेत इंग्रजी फौजेचे पोट बंजाऱ्यांच्या बैलतांड्यांवर चालत होते. पुढे इंग्रजांनीच १८७१च्या कायद्याने कित्येक फिरत्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडले.

आज शिकलगार महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत आहेत. पण दाखला हवा तर २१ नोव्हेंबर १९६१ला किंवा त्याआधी तुमचे घराणे कुठे राहत होते, याचा पुरावा लागतो. पुतणीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या वेळी, २०१९ साली, ही तारीख आमच्या घरात शिरली. त्या दिवशी दादा कुठे होते? दिवाळी उलटलेली, म्हणजे पाल हसनाबादच्या आसपास असणार. पालाला सातबारा नसतो.

शोधता शोधता अब्बांची शाळा सापडली. १९५७च्या पावसाळी मुक्कामात ते एका गावच्या शाळेत चार महिने बसले होते. रजिस्टरात नाव होते, जातीच्या रकान्यात 'मुसलमान'. गुरुजींना जेवढे दिसले तेवढे त्यांनी लिहिले. एका कचेरीतल्या बाबूने कागद परत सरकवला. "हा धर्म झाला. जात दाखवा." आपल्यातलेही काही म्हणतात, इस्लाममध्ये जात कुठली? बरोबर आहे. पण सोयरीक ठरवताना तेच आधी विचारतात, "कौन लोगां?" जालन्याच्या शब्बीर अन्सारी यांनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, तेव्हा हाच रिकामा रकाना लोकांपुढे आला होता.

मुदत संपली. पुतणी खुल्या गटातून गेली. फीसाठी भावाने रस्त्याकडेचा प्लॉट विकला, घराण्यात पहिल्यांदा नावावर झालेली जमीन.

२०२१ साली राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. चाकावरचे घर घेऊन या, मुक्काम करा, वीज-पाण्याची सोय होईल. शब्द आपलाच, फारसीतला कारवाँ. माझा भाचा ऑस्ट्रेलियात तसाच फिरतो. लहान लहान गावांबाहेर गाडी उभी करून चहा करतानाचे फोटो पाठवतो. दादी असती तर हसली असती. चाक आहे, चूल आहे, पोलीस पाटील तेवढा दिसत नाही.

आता पुतणीच्या धाकट्या भावासाठी पुन्हा फाइल केली आहे. अब्बांच्या शाळेच्या गावी ऐंशीच्या पुढचे एक शेतकरी भेटले. नाव सांगताच म्हणाले, "लिंबाखालचे मामू! आमच्या आईचे विळे त्यांच्याकडंच." त्यांनी आपणहून प्रतिज्ञापत्र करून दिले: हे शिकलगार कुटुंब आमच्या लहानपणापासून दरसाल गावी येई, ओढ्याकाठच्या लिंबाखाली उतरे.

कचेरीत बाबूने ते दोनदा वाचले. मग पेन उघडून विचारले, "या लिंबाचा गट नंबर काय?"