रिकामी कचेरी, उघडे दार

एखादी सरकारी कचेरी स्थलांतरित होते, तेव्हा दप्तरे जातात, कपाटे जातात, शिपायाचे स्टूलही जाते. मागे उरतात त्या जाड भिंती आणि पक्षकारांच्या पावलांनी झिजलेल्या पायऱ्या. त्या पायऱ्या पुढे कोणी चढायच्या, हा प्रश्न केवळ बांधकाम खात्याचा आहे असे मला वाटत नाही.

सातारा आणि सांगली यांचा कारभार एकेकाळी एकच होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. आमच्या घरातील एका जुन्या खरेदीखतावर अजून ‘दक्षिण सातारा’ असेच लिहिलेले आहे. कारभार वाढतो, तशी कचेरी जागा बदलते. सांगलीचे जिल्हाधिकारी कार्यालय आज विजयनगरला आहे. अशा वेळी गावातील जुन्या इमारती पाडाव्यात, भाड्याने द्याव्यात की लोकांसाठी उघडाव्यात, हा वाद सुरू होतो.

या वादात मला साताऱ्याचा जुना राजवाडा आठवतो. छत्रपती प्रतापसिंह महाराजांच्या काळातील ही वास्तू. १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाले. सत्ता गेली, वास्तू राहिली आणि पुढे तिथे सरकारी हायस्कूल भरू लागले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव तेथील इंग्रजी पहिलीच्या वर्गात नोंदले गेले. २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळला जातो. मात्र त्या काळी अस्पृश्य मानलेल्या मुलांना शाळेत वेगळे बसावे लागे, हेही विसरता येत नाही. वास्तूचा उपयोग बदलला, तरी आतले नियम आपोआप बदलत नाहीत. ते माणसांनाच बदलावे लागतात.

म्हणून रिकाम्या कचेरीत अभ्यासिका व्हावी, असे मी म्हणतो, तेव्हा नुसती पाटी बदलणे मला अभिप्रेत नाही. तुमच्यापैकी अनेकजण दिवसभर कामावर असतात. घरातली निजानीज झाल्यावर स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली पुस्तक उघडतात. तुमच्यासाठी ती अभ्यासिका कचेरीच्या वेळेत नव्हे, संध्याकाळी उघडी हवी. स्त्रियांसाठी स्वच्छतागृह आणि रस्त्यावर दिवा हवा. प्रवेशासाठी वयाची किंवा स्पर्धा परीक्षेची अट नको. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. तेव्हा सांगलीत पुस्तके वरच्या मजल्यावर आणि सभागृह तळाला, इतका विचार आधीच करावा लागेल.

व्यापारी संकुलातून उत्पन्न मिळते, हा आक्षेप खोटा नाही. जुन्या छताची डागडुजी फुकट होत नाही. त्यासाठी दर्शनी भागातील दोन खोल्या भाड्याने द्याव्यात. पण सगळी इमारत विकली, तर गावाच्या मध्यावर तशी जागा पुन्हा मिळत नाही.

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ असे आपल्याकडे म्हणतात. कचेरीबद्दलही लोकांच्या मनात तीच धास्ती असते. आपल्या तालुक्यात अशी एखादी बंद इमारत असेल, तर ग्रामसभेत किंवा नगरपालिकेत तिची चौकशी अवश्य करा. अर्ज हातात न घेता जिथे सहज जाता येईल, अशी एक पायरी मागण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.