डब्यातलं पाणी कुठं गेलं?

बालमित्रांनो, जंगल म्हणजे काय हो? हसू नका! आमच्या चौथीच्या वर्गात हा प्रश्न मी दर वर्षी विचारते. "वाघ, सिंह, हत्ती!" अशी उत्तरं धडाधड येतात. मग एखादा म्हणतो, "बाई, खूप खूप झाडं!" पण खूप झाडं तर आंब्याच्या बागेतही असतात. तिला काही आपण जंगल म्हणत नाही. मग जंगलात वेगळं असतं तरी काय?

पुस्तकात त्यासाठी 'परिसंस्था' असा जड शब्द आहे. टान्सली नावाच्या इंग्लिश वनस्पतिशास्त्रज्ञानं १९३५ साली यासाठीचा इंग्रजी शब्द पहिल्यांदा छापला. शब्द पाठ होतो, परीक्षेत दोन गुणही मिळतात. पण तो समजायचा तर जंगलातच जायला हवं. म्हणून एका डिसेंबरात आम्ही चाळीस मुलं, दोन बाई आणि एक शिपाईकाका असे एस.टी.नं भीमाशंकरला निघालो.

भीमाशंकर तुम्हांला ठाऊक असेल ते ज्योतिर्लिंगामुळे आणि भीमा नदीच्या उगमामुळे. तिथलं दाट जंगल १९८५ साली अभयारण्य झालं. सुमारे १३० चौरस किलोमीटरचं हे जंगल म्हणजे शेकरूचं माहेरघर! शेकरू म्हणजे मोठी, तांबूस, झुपकेदार शेपटीची खार. आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी.

गाडीतून उतरलो, थोडं चाललो आणि एक मुलगा कुजबुजला, "बाई, वर बघा!" शेकरू एका फांदीवरून दुसऱ्या झाडावर झेपावलं. खाली उतरायचं नावच नाही! त्याचं सगळं आयुष्य झाडांच्या शेंड्यांवर जातं. फळं, बिया, कोवळी साल हे त्याचं जेवण. काटक्या-पानांची मोठी गोल घरटी ते बांधतं, तीही एक नाही, चांगली तीन-चार! आणि तीही अगदी बारीक फांद्यांवर, म्हणजे जड शत्रू तिथवर पोचायला नको. आता विचार करा, मधली दहा-बारा झाडं कुणी तोडली तर? शेकरूचा रस्ताच तुटला. मग त्याला जमिनीवर उतरावं लागणार आणि तिथं बिबट्या टपलेला!

दुसरी गंमत सांगू? सह्याद्रीच्या जंगलांत काही मुंग्या झाडावर फुटबॉलएवढं घर बांधतात. तांबूस सुतार पक्षी त्या मुंग्या खातो आणि त्यांच्याच घरात भोक पाडून आपली अंडीही घालतो! म्हणजे मुंग्या गेल्या तर सुताराचं स्वयंपाकघरही गेलं आणि बाळंतिणीची खोलीही.

पुढे पायवाटेवर डोक्यावर मोळी घेतलेली एक आजी भेटली. आमच्यातली एक मुलगी तडक पुढे झाली. निबंधस्पर्धेत तिचा नेहमी पहिला नंबर. "आजी, झाडं का तोडता? झाडं तोडू नयेत!"

आजी थांबली. मोळी खाली ठेवली. म्हणाली, "तोडलं न्हाई गं बाय. माझ्याच बांधावरचं वाळल्यालं येचलंय. तुमच्या घरी ग्यास आसंल. माझी चूल कशानं पेटवू?"

मुलीला उत्तर सुचेना. सगळी मुलं माझ्याकडे बघायला लागली. मी गप्पच राहिले. मग तीच हळूच म्हणाली, "मला माहीत नव्हतं, आजी."

"आता झालं की म्हाईत!" आजी हसली. "चला, आमची देवराई दावते."

देवराई म्हणजे देवाच्या नावानं राखलेलं रान. आजीनं आम्हांला चपला बाहेर काढायला लावल्या आणि बजावलं, "हितली काडीबी घरी न्यायची न्हाई." एकानं खिशात टाकलेलं पीस निमूटपणे परत ठेवलं!

आत गारवा होता. जुने आंबे, जांभळं, हिरडे, मनगटाएवढ्या जाड वेली. एक भलंमोठं झाड आडवं पडलं होतं. त्यावर बुरशीच्या छत्र्या होत्या आणि सालीखाली वाळवी आणि किडे. आम्ही पाचोळा हलकेच बाजूला केला. वरची पानं अख्खी, त्याखालची जाळी झालेली, त्याखाली काळीभोर भुसभुशीत माती. गांडुळं, वाणी, बुरशी यांनीच ती तयार केली होती. झाडाचं पान परत झाडाच्याच पोटात जात होतं.

मग आम्ही प्रयोग केला. दोन्ही बाजूंनी उघडा असा पत्र्याचा डबा आणला होता. तो देवराईत बोटभर जमिनीत रोवला, पेलाभर पाणी ओतलं आणि आकडे मोजले. तिसाच्या आत पाणी गडप! मग शेजारच्या उघड्या टेकडीवर तोच डबा, तेवढंच पाणी. दोनशेपर्यंत मोजलं तरी पाणी तसंच!

"ह्या टेकडीवरबी रान व्हतं," आजी म्हणाली. "कोळशापायी तोडलं. तिकडचा झरा होळीलाच आटतो. देवराईतला उन्हाळाभर वाहातो, समदं गाव त्यावरच जगतं."

"पण आजी, देवराई तोडली तर देव खरंच कोपतो?" एकानं विचारलंच.

"देव कोपल्याला म्या न्हाई बघितला. पानी रुसल्यालं बघितलंय."

परतताना ती निबंधवाली मुलगी आजीचा हात धरून चालत होती आणि हिरडा कसा गोळा करतात ते विचारत होती. इथल्या महादेव कोळी कुटुंबांना हिरडा विकून चार पैसे मिळतात. हिरड्याचं झाड उभं राहिलं तरच ते मिळणार, हे तिच्या चटकन लक्षात आलं.

पालकहो, १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि डॉ. वर्तक या शास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातल्या देवराया पायी फिरून अभ्यासल्या. इतरत्र नाहीशा झालेल्या कितीतरी वनस्पती तिथं टिकून होत्या. हे राखणारी माणसं शाळेत गेलेली नव्हती. सहलीला गेलात तर मुलांना देखावा दाखवाच, पण अशा माणसांशी बोलूही द्या.

आणि बालमित्रांनो, तुम्हांला एक गृहपाठ! मोठ्यांकडून एका डब्याचा तळ कापून घ्या, कडा हाताला लागू देऊ नका. एकदा मैदानावर आणि एकदा जुन्या झाडाखालच्या पाचोळ्यात पाणी ओतून आकडे मोजा. दोन्ही आकडे वहीत लिहा आणि फरक का पडला ते आधी स्वतः शोधा. मग बाईंना विचारा!